इंग्लंडच्या शाळेतला धर्माचा तास कोण ठरवतं? नव्यानं आलेल्या मराठी पालकांसाठी

‘सॅक्रे’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला वाटलं, कौन्सिलात, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनात, कुणी साखरे आडनावाचे गृहस्थ आहेत. शाळेच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या होत्या, “यासाठी तुम्हाला सॅक्रेशी बोलावं लागेल.” मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, चला, कौन्सिलात एक तरी आपला माणूस निघाला.

निमित्त साधं होतं. मुलगी तेव्हा इथल्या तिसरीत होती. तिनं दप्तरातून एक वर्कशीट आणलं: हिंदू लोक तेहतीस कोटी देवांची पूजा करतात, त्यांतले तीन निवडून रंगवा. तिनं गणपती, मारुती आणि दुर्गा रंगवून झाल्यावर विचारलं, “आई, बाकीच्यांची नावं तुला पाठ आहेत का?” मी हसले. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र कुणी हसलं नाही. दोन दिवस तिथे नुसती फोडणी तडतडत होती. एकानं ‘कोटी म्हणजे प्रकार’ हा फॉरवर्ड टाकला, दुसऱ्यानं ऑनलाइन याचिकेचा मसुदाच लिहून ठेवला. शेवटी मी शिक्षिकेला जाऊन भेटले. नोकरीचं पहिलंच वर्ष असलेली मुलगी होती ती. कागद इंटरनेटवरून उतरवलेला होता. ती घाबरली नाही की चिडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “तुमच्याकडे याहून बरं काही आहे का?” माझ्याकडे काहीही नव्हतं. पुढे काही वर्षं मी आमच्या भागाच्या सॅक्रेत, म्हणजे धर्मशिक्षणाबाबत कौन्सिलला सल्ला देणाऱ्या मंडळात, हिंदू प्रतिनिधी म्हणून बसले. त्यातून जे कळलं ते इथे मांडते आहे.

हा विषय आहे तरी काय

आपल्या राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणून आपण शाळेत परिपाठ, प्रतिज्ञा, सुविचार आणि मूल्यशिक्षणाचा तास यांवर वाढलो. धर्म काय तो घरी, देवळात, आजीच्या हरिपाठात. इंग्लंडात नेमकं उलट आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक शाळेला ‘रिलिजस एज्युकेशन’ म्हणजे आर. ई. शिकवावंच लागतं. आणि गंमत अशी की सक्तीचा असूनही हा विषय गणित-विज्ञानासारखा राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाही. काय शिकवायचं ते प्रत्येक भागाची कौन्सिल ठरवते. त्यामुळे हॅरोतल्या मुलाला एक आणि कॉर्नवॉलमधल्या मुलाला दुसरं, असं होऊ शकतं.

असं का, तर भांडणं मिटत नव्हती म्हणून. १८७०च्या कायद्यानं बोर्डाच्या, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक शाळा-मंडळांच्या, शाळांत एखाद्या विशिष्ट पंथाची प्रश्नोत्तरी शिकवायला बंदी केली. १९४४च्या कायद्यानं धर्मशिक्षण सक्तीचं केलं. पण कोणत्या चर्चच्या चालीनं, हा प्रश्न लंडनहून सोडवण्यापेक्षा गावोगावच्या मंडळींना एका टेबलाशी बसवून ‘ॲग्रीड सिलॅबस’, म्हणजे सहमतीचा अभ्यासक्रम, करायला सांगितलं. ही सहमती तेव्हा ख्रिस्ती पंथांची आपसांतलीच होती. बर्मिंगहॅमनं १९७०च्या दशकात अभ्यासक्रमात इतर धर्म आणले आणि त्यांच्या जोडीला कम्युनिझमही आणू पाहिला, त्यावरून मोठा गदारोळ झाला. मग १९८८च्या कायद्यानं एक वाक्य घालून दिलं, ते आजही चालू आहे: देशाची धर्मपरंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहे याचं प्रतिबिंब अभ्यासक्रमात पडलं पाहिजे आणि देशातल्या इतर प्रमुख धर्मांची शिकवण व आचारही विचारात घेतला पाहिजे. त्याच कायद्यानं प्रत्येक कौन्सिलला एक सल्लागार मंडळ नेमणं बंधनकारक केलं. ‘स्टँडिंग ॲडव्हायझरी कौन्सिल ऑन रिलिजस एज्युकेशन’ हे त्याचं लांबलचक नाव, त्याचं आखूड रूप म्हणजे सॅक्रे. आजचे नियम बहुतांशी १९९६च्या शिक्षण कायद्यात आहेत.

हे सगळं फक्त इंग्लंडचं. वेल्समध्ये २०२२पासून विषयाचं नावही बदललं आहे. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडची तऱ्हा आणखी निराळी.

पहिलं काम: शाळेची जात ओळखा

तुमच्या मुलाची शाळा कोणत्या प्रकारची आहे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. बहुतेक नवे पालक इथेच चुकतात आणि भलत्याच दारावर जाऊन उभे राहतात.

शाळा कौन्सिलची, म्हणजे ‘कम्युनिटी’ प्रकारची असेल, तर तिला स्थानिक ॲग्रीड सिलॅबसच शिकवावा लागतो. ‘अकॅडमी’, म्हणजे सरकारी पैशावर पण कौन्सिलऐवजी ट्रस्टनं चालवलेली शाळा असेल, तर आर. ई. शिकवावंच लागतं, पण कौन्सिलचा सिलॅबस पाळण्याचं बंधन नाही. पुष्कळ अकॅडमी तो आपखुशीनं घेतात, काही ट्रस्ट स्वतःचा करतात. माध्यमिक शाळा आता बहुतेक अकॅडमीच आहेत, म्हणून हे ध्यानात ठेवा. शाळा चर्चची असेल आणि ‘व्हॉलंटरी एडेड’ प्रकारची असेल, तर तिथलं आर. ई. त्या धर्माच्या चौकटीत चालतं आणि त्या तासाची तपासणीही धर्मसंस्थेच्या सल्ल्यानं निवडलेला माणूस करतो. वसईची आणि गोव्याची पुष्कळ कुटुंबं इथे मुलांना कॅथलिक शाळेत घालतात. स्विंडनमध्ये तर गोंयकारांची केवढी वस्ती आहे. त्यांनी आर. ई.बद्दल सॅक्रेला पत्र लिहून काही होणार नाही, तो प्रांत बिशपांचा. हाच न्याय हिंदू शाळांनाही लागू. हॅरोत २००८ साली सुरू झालेली कृष्ण अवंती ही सरकारी पैशावरची इंग्लंडमधली पहिली हिंदू शाळा. तिथे काय शिकवावं हेही सॅक्रे ठरवत नाही.

शाळेचा प्रकार सरकारच्या शाळा-माहितीच्या वेबसाइटवर नाव टाकलं की दिसतो. ऑफिसात विचारलंत तरी सांगतात.

दुसरं: सिलॅबस मिळवा आणि खरंच वाचा

कौन्सिलच्या वेबसाइटवर ‘ॲग्रीड सिलॅबस’ असं शोधा. एक खाचखळगा सांगते. जिथे जिल्हा आणि काउंटी अशा दोन पायऱ्या आहेत तिथे शिक्षण काउंटीकडे असतं. वॉटफर्डला राहणाऱ्यानं वॉटफर्डच्या कौन्सिलकडे विचारून उपयोग नाही, हार्टफर्डशायर काउंटीकडे जायचं. स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स यांची स्वतःची कौन्सिल आहे, लंडनच्या बरोंचंही तसंच. काही ठिकाणी शेजारच्या कौन्सिली मिळून एकच सिलॅबस करतात, बर्कशायरमध्ये तसं आहे. काही जण तयार सिलॅबस विकत घेऊन त्यावर आपला शिक्का मारतात. त्याला माझी हरकत नाही, पण मग ‘स्थानिक’ या शब्दात काय उरलं, हे मी सभेत विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही, बिस्किटं मिळाली.

वाचताना ‘हिंदू’ हा शब्द शोधून तेवढंच वाचू नका. इयत्तेनुसार कोणता धर्म केव्हा येतो, किती तास दिले आहेत आणि प्रश्न कसे विचारले आहेत ते बघा. दिवाळी जवळपास सगळीकडे असते आणि जवळपास सगळीकडे ती रामसीतेच्या घरवापसीपुरती असते. ती चूक नाही. पण आपल्या घरची दिवाळी वसुबारसेपासून सुरू होते, नरकचतुर्दशीला पहाटे कारीट फुटतं आणि पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात, हे इथल्या शिक्षकाला कुणी सांगितलेलंच नसतं. सिलॅबसात ‘एकाच धर्मातली विविधता’ असा मुद्दा हमखास असतो. तुमची वारी, तुमचा खंडोबा, तुमचं हळदीकुंकू त्या मुद्द्याखाली आत शिरतं. सिलॅबस बदलावाही लागत नाही.

तक्रार असेल तर

आधी वर्गशिक्षक, मग विषयप्रमुख किंवा हेडटीचर, मग शाळेचे गव्हर्नर. नेहमीच्या तक्रारीचा रस्ता हाच. सॅक्रे शाळेवर धाड घालत नाही, कुणाला नोटीस काढत नाही. ती कौन्सिलला सल्ला देते, शिक्षकांना साहित्य आणि प्रशिक्षण सुचवते, दर वर्षी अहवाल काढते आणि सिलॅबस फेरविचाराला लावू शकते. एका वर्कशीटसाठी सॅक्रेत जाणं म्हणजे नळ गळतो म्हणून धरणावर मोर्चा नेण्यासारखं आहे. दहा शाळांत तेच वर्कशीट फिरत असेल, तर मात्र जा.

आणि हातात काहीतरी घेऊन जा. मी दुसऱ्या खेपेला त्या शिक्षिकेकडे गेले ती एका पानाचं टिपण घेऊन. वेदांत तेहतीस देवांचा उल्लेख येतो. लोकांच्या बोलण्यात ते तेहतीस कोटी झाले. आणि घरात रोज पूजा होते ती चारपाच देवांची, कुलदैवत धरून. सोबत आमच्या देव्हाऱ्याचा फोटो. पुढच्या वर्षी त्या वर्गात ‘एका घरातला देव्हारा’ असा धडा झाला आणि बाळकृष्णाच्या मूर्तीला मुलांनी माझ्यादेखत पेल्यानं आंघोळ घातली. ग्रुपवरची ती याचिका कुठे गेली कुणास ठाऊक.

मुलाला आर. ई.च्या तासातून पूर्ण किंवा अंशतः काढून घेण्याचा हक्क पालकांना आहे, कारण सांगावं लागत नाही. इस्लामचा धडा आला की मुलाला बाहेर बसवा, असे सल्ले आपल्या ग्रुपांत फिरतात. कायद्यानं ते चालतं. पण उद्या हिंदू धर्माच्या धड्याला शेजारच्या बाकावरची पोरं बाहेर गेली तर आपल्याला कसं वाटेल, तेवढं मनाशी विचारून मग अर्ज लिहा.

सभेला जा, नुसतं बसायला

सॅक्रेच्या सभा सर्वांना खुल्या असतात. साधारण सत्राला एक सभा, बहुतेक संध्याकाळी शाळा सुटल्यावर, कौन्सिलच्या इमारतीत नाहीतर ऑनलाइन. तारखा आणि जुनी इतिवृत्तं वेबसाइटवर सापडतात; नाही सापडली तर सॅक्रेच्या क्लार्कला ईमेल टाका. सदस्य व्हायचं मनात असेल तर आधी दोन सभा मागच्या खुर्चीवर बसून काढा. कंटाळा येईल. पहिली पंधरा मिनिटं कोण आलं नाही आणि मागच्या इतिवृत्तात काय चुकलं यातच जातात.

टेबलाभोवती चार गट असतात. अ गटात चर्च ऑफ इंग्लंड सोडून बाकीचे सगळे ख्रिस्ती पंथ आणि इतर धर्म: कॅथलिक, मेथडिस्ट, मुस्लिम, हिंदू, शीख, ज्यू, बौद्ध आणि असतील तिथे जैन, बहाई. ब गट एकट्या चर्च ऑफ इंग्लंडचा. क गट शिक्षक संघटनांचा. ड गट कौन्सिलचा, त्यात बहुधा नगरसेवक. मतदानाची वेळ आली तर प्रत्येक गटाला एकच मत. म्हणजे अ गटातल्या पंधरा जणांनी आधी आपसांत ठरवायचं आणि मग त्यांचं वजन ब गटातल्या तिघाचौघांएवढं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी कॅल्क्युलेटर काढायच्या बेतात होते. पण खरं सांगायचं तर आमच्या सभेत मतदान क्वचितच झालं. चहा गार होईपर्यंत बोलत राहायचं आणि एकमत करायचं, ही इथली पद्धत.

धर्म न मानणाऱ्यांचं काय, यावर बरीच वर्षं वाद होता. केंट काउंटीनं एका मानवतावादी प्रतिनिधीला अ गटात घ्यायला नकार दिला. २०२३मध्ये हायकोर्टानं तो नकार बेकायदा ठरवला. आता बऱ्याच ठिकाणी ते त्या टेबलाशी असतात. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या ३७ टक्क्यांहून अधिक लोकांनी ‘कोणताही धर्म नाही’ असं लिहिलं, तेव्हा त्यांची खुर्ची नसती तरच नवल.

रिकामी खुर्ची

त्याच जनगणनेत हिंदू दहा लाखांच्या घरात आहेत, १.७ टक्के. हॅरोत हे प्रमाण २५.८ टक्के, लेस्टरमध्ये १७.९. कायदा म्हणतो की अ गटातली सदस्यसंख्या त्या भागातल्या लोकसंख्येच्या प्रमाणाशी ढोबळमानानं जुळावी. कागदावर हिंदू खुर्ची असते, पण इतिवृत्तं चाळलीत तर तिच्यापुढे ‘जागा रिक्त’ किंवा ‘अनुपस्थित’ असं वाचायची सवय होते. बौद्ध खुर्चीची कथा तीच. दीक्षाभूमीच्या परंपरेतलं कुटुंब इथे राहत असेल, तर त्यांनी ती खुर्ची जरूर मागावी. इथल्या वर्गात बौद्ध धर्म राजपुत्र सिद्धार्थापाशी सुरू होतो आणि बऱ्याचदा ध्यानापाशी संपतो. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात काय घडलं हे शिक्षकाला माहीत असण्याचं कारणच नाही. आणि बाबासाहेब राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं घर लंडनमध्येच आहे, सहल काढता येते.

खुर्ची कशी मिळते? नेमणूक कौन्सिल करते, पण आपण त्या धर्माचे प्रतिनिधी आहोत याची खात्री तिला करून घ्यावी लागते. म्हणजे कुठल्या तरी संस्थेचं पत्र हवं. इथे मराठी माणूस अडतो. आपली संस्था म्हणजे मंडळ. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं, डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे. गावोगावी इतर मंडळं आहेत. पण मंडळ भाषेचं असतं, धर्माचं नव्हे. मला क्लार्कनं सरळ विचारलं, “ही धार्मिक संस्था आहे का?” गणेशोत्सव होतो, असं मी सांगितलं; तेवढ्यानं भागलं नाही. शेवटी जवळच्या गुजराती मंदिराच्या विश्वस्तांना भेटले. त्यांनी आधी दोन रविवार मला स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला लावल्या आणि मग पत्र दिलं. झालं ते बरंच झालं. कारण ती खुर्ची महाराष्ट्राची नसते. तिथे तुम्ही तमिळ, नेपाळी, बंगाली, गुजराती सगळ्यांच्या वतीनं बसता.

मानधन नाही. मुदत पुष्कळ ठिकाणी चार वर्षांची. सभेआधी कागदांचा गठ्ठा येतो, तो वाचून जा. न वाचता आलेला सदस्य इंग्रजांना लगेच ओळखू येतो आणि ते काही बोलत नाहीत, हेच वाईट.

बसल्यावर काय करायचं? शाळांना मंदिरभेटीसाठी कुणाला फोन करायचा ती यादी अद्ययावत ठेवा, हे सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत दुर्लक्षित काम. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला अर्धा तास मागा. जातीचा विषय निघेल, निघतोच. काही हिंदू संघटनांना तो अभ्यासक्रमात नको असतो. माझं मत वेगळं आहे. नाकारलंत तर शिक्षक पुस्तकातला चार पायऱ्यांचा पिरॅमिड शिकवून मोकळा होतो. त्यापेक्षा चोखामेळ्याचा एक अभंग अर्थासकट द्या, देवळाबाहेर उभ्या राहिलेल्या भक्ताची गोष्ट नऊ वर्षांच्या मुलाला लगेच कळते.

आणखी एक काम सॅक्रेकडे येतं. इथल्या शाळांत रोज सामूहिक उपासना व्हावी आणि ती मुख्यत्वे ख्रिस्ती धाटणीची असावी, असा कायदा आहे. प्रत्यक्षात पुष्कळ शाळांत ती आपल्या परिपाठासारखीच असते: एक गोष्ट, एक विचार, वाढदिवस. मुलं बहुतांशी इतर धर्मांची असतील तर हेडटीचर ‘ख्रिस्ती धाटणी’च्या अटीतून सूट मागू शकतात. कौन्सिलच्या शाळांना ती सॅक्रे देते आणि पाच वर्षांच्या आत तिचा फेरविचार होतो. अकॅडमी थेट सरकारकडे अर्ज करतात.

पाच वर्षांनी येणारी संधी

सिलॅबसचा फेरविचार निदान पाच वर्षांतून एकदा करावाच लागतो. त्यासाठी सॅक्रेहून वेगळी ‘ॲग्रीड सिलॅबस कॉन्फरन्स’ बोलावतात. गट तेच चार, माणसंही बहुधा तीच, पण इथे चारही गटांचं एकमत लागतं. एक गट अडला तर गाडी अडली. म्हणून खरी ताकद या टेबलावर आहे. मधल्या काळातही ड गट सोडून उरलेल्या तिघांनी बहुमतानं मागणी केली, तर कौन्सिलला फेरविचार टाळता येत नाही. तुमच्या सिलॅबसच्या मुखपृष्ठावरचं वर्ष बघा आणि पाच मिळवा. त्या तारखेच्या दीड वर्ष आधी खुर्चीत असाल तर शब्द घालता येतात. सहा महिने आधी आलात तर स्वल्पविराम.

ही सगळी रचना किती टिकेल, हा प्रश्न आता आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये आलेल्या अभ्यासक्रम-समीक्षेनं आर. ई. यथावकाश राष्ट्रीय अभ्यासक्रमात घ्यावं अशी शिफारस केली आहे. पण इथल्या ‘यथावकाश’चा अनुभव असलेली मी, तोवर थांबा असं कुणाला सांगणार नाही.

पत्र दहा ओळींचं पुरे: तुम्ही कोण, कुठल्या वॉर्डात राहता, कोणती संस्था पाठिंबा देते, त्या संस्थेचं पत्र सोबत आहे, अ गटातली जागा रिकामी आहे का, आणि पुढची सभा कधी. मान्यता पुढच्या सभेपर्यंत लांबते. मे महिन्यात कौन्सिलच्या निवडणुका असतील तर ड गटच नव्यानं भरावा लागतो, त्यामुळे पत्र जानेवारीत टाका. एप्रिलमध्ये टाकलंत तर उत्तर शाळा उन्हाळी सुट्टीसाठी बंद होताना येतं.